मंगळूच्या उजव्या पायाचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे. पाण्याचा नाही हां! आमच्या टोकावड्याच्या बाजूला ड्रम म्हटलं की लोकांना न्हाणीतलं निळं पिंपच आठवतं, म्हणून आधीच सांगून टाकलं. मी वाजवायचा ड्रम. ड्रमसेटातला सगळ्यात मोठा, गोल गरगरीत. मला बेस ड्रम म्हणतात. गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या पोटात एक कोंबडी राहत होती. हसू नका. माझ्यावर ती वेळ कशी आली, तेच सांगायला बसलोय.

आधी माझ्या घरची मंडळी ओळखून घ्या, नाहीतर पुढे गोंधळ व्हायचा. आमचं सगळं कुटुंब मिळून ड्रमसेट होतो. त्यात मी जमिनीवर आडवा बसतो आणि मला हाताने नाही, पायाने वाजवतात. वाजवणाऱ्याच्या उजव्या पायाखाली एक पेडल असतं. ते दाबलं की नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक गोळा येऊन माझ्यावर आदळतो आणि मी म्हणतो, धुम्म! माझा आवाज माणसाला कानात कमी आणि छातीत जास्त लागतो. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या शेजारी स्नेअर. अंगाने चपटी आणि स्वभावाने तिखट. तिच्या पोटाखाली बारीक स्प्रिंगसारख्या तारा ताणलेल्या असतात, त्यामुळे ती नुसतं टण करत नाही, चर्रक करते. माझ्या डोक्यावर दोन टॉम बसलेले असतात, एक बारीक आवाजाचा, एक जाड. त्यांचा थोरला भाऊ फ्लोअर टॉम तीन पायांवर उभा असतो. तो कमी बोलतो, पण बोलला की भारदस्त. डाव्या बाजूला हायहॅट, म्हणजे एका दांड्यावर तोंडाला तोंड लावून बसवलेल्या दोन झांजा. डाव्या पायाने त्या मिटायच्या आणि उघडायच्या. आणि सगळ्यांच्या वर क्रॅश, एकटीच मोठी झांज. गाणं नव्या वळणावर आलं की तिला एक फटका द्यायचा. बाई जरा भडक आहे, पण तिच्याशिवाय शोभा नाही.

आम्हा ड्रमांच्या तोंडावर पूर्वी कातडं असायचं. आता जाड प्लॅस्टिकचा पडदा असतो. कडेच्या स्क्रूंना चावी लावून तो आवळायचा, एक इकडचा, मग त्याच्या बरोबर समोरचा. एकाच बाजूने आवळत गेलात तर पडदा वाकडा ताणला जातो आणि आवाज रडका येतो.

माझा जन्म उत्तरेला मेरठच्या एका कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ थर चिकटवून मला गोल वळवलं आणि वर लाल चकचकीत कागद चढवला. मग मी कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रात नोकरीला लागलो. गणपतीत, नवरात्रात, कंपन्यांच्या कार्यक्रमांत वाजलो. तिथला वाजवणारा पायात बूट घालून मला लाथाडायचा. मी त्याला कधी जीव लावला नाही आणि त्यानेही मला लावला नाही. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला आणि टोकावड्याच्या जगदीशने आम्हाला घरी आणलं.

जगदीश भातशेती करणारा गडी, पण हात बँजोवर. आमच्या भागातला बँजो म्हणजे एक लांबट लाकडी पाटी. तिच्यावर लोखंडी तारा ताणलेल्या आणि बटणं बसवलेली. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. हळदीला बँजो पार्टी नसली तर आमच्याकडे हळद लागली असं कोणी म्हणत नाही. या बँजोच्या तारांखाली बोटभर लांबीची एक काळी डबी होती. ती पिकअप. माल वाहतो तो पिकअप नव्हे, बाबांनो! इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली असते तीच ही डबी. तिच्या आत चुंबक असतो आणि चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी.

या पिकअपची एक गंमत आहे. त्याला कान नाहीत. पोरं यायची आणि त्याच्यापाशी तोंड नेऊन "हॅलो, हॅलो" करायची, तर स्पीकर ढिम्म. त्याला फक्त तारेची थरथर कळते. वरची लोखंडी तार हलली की चुंबकाला ती जाणवते, गुंडाळीत इवलीशी वीज उठते, ती वायरीतून स्पीकरच्या पेटीत जाते आणि मोठी होऊन बाहेर पडते. तारेच्या जागी सुतळी ताणलीत तर याला पत्तासुद्धा लागायचा नाही. मी त्याला चिडवायचो, "बहिऱ्या, तुझ्यावाचून पार्टीचं अडतं, हे मोठं नवल!" तो बिचारा उत्तर म्हणून हुंऽऽ करायचा. एकाच गुंडाळीचा पिकअप ट्यूबलाइटजवळ गेला की असा गुणगुणतो. दोन गुंडाळ्या उलटसुलट बसवलेल्या असल्या तर ती गुणगुण मरते. आमच्याकडे एकच होती. जगदीश त्या गुणगुणीला सारखा शिव्या द्यायचा.

बँजो झाला, ड्रमसेट झाला, पण तो वाजवायचा कोणी? जगदीशने सरळ डोंगराच्या अंगाची वाडी गाठली आणि मंगळूला घेऊन आला. मंगळूचं घराणं ढोलाचं. त्याचा बाप धाऊ ढोल वाजवायला लागला की सगळी वाडी नाचायची. मंगळूने ड्रमसेट आयुष्यात पाहिला नव्हता. चपला काढून, आमच्या पाया पडून तो स्टुलावर बसला. त्याचा अनवाणी पाय पेडलवर पडला आणि मला पहिल्यांदा कळलं की पाय हीसुद्धा मायेची वस्तू असते. तेव्हापासून मी त्याच्या उजव्या पायाचा ड्रम झालो.

आता ती गडबड ऐका. पहिलीच सुपारी, थंडीचे दिवस, लग्नघरी माणसं जमलेली. ढोल वाजवणारे गार हवेत आधी काय करतात? मूठभर पेंढा पेटवून ढोलाचं तोंड शेकतात. कातडं तापलं की ताणलं जातं आणि खणखणीत बोलतं. मंगळूनेही तेच केलं. मांडवामागे पेंढा पेटवला आणि स्नेअर अलगद जाळावर धरली. प्लॅस्टिकच ते! क्षणात त्याचा भाजलेला पापड झाला.

"जगदीशदादा, हिची चामडी जलली रे," मंगळू रडवेला होऊन म्हणाला. "आता मी वाडीला तोंड कसा दाखवू?"

जगदीशने डोक्याला हात लावला. मग हसायलाच लागला. "चामडी नाय रे ती, पिशवी हाय पिशवी! जा, बाचा ढोल घेऊन ये."

त्या दिवशी स्नेअरच्या जागी धाऊचा ढोल उभा राहिला. मी खालून धुम्म, ढोल वरून धडाड! वऱ्हाडी वेडे झाले. पुढे धाऊने जळक्या पडद्याच्या जागी स्नेअरला बकऱ्याचं कातडं लावून दिलं. बांबूची कडी वळवली, ओलं कातडं तिच्यावर ओढलं आणि सावलीत वाळवलं. अशी स्नेअर मुंबईत शोधून सापडायची नाही. पण आता तिला खरोखरच शेकावं लागायचं. मग तीच आमच्या पार्टीची रीत झाली. हळदीच्या घरी पोचलो की त्या घरची एखादी बाई पेंढा आणून पेटवणार, मंगळू स्नेअर शेकणार, तिला गाल लावून बघणार आणि मगच पहिला ठोका पडणार. पेंढा पेटला की पोरं ओरडायची, "मंगळूची पार्टी आली!" पार्टी जगदीशची, पण नाव मंगळूचं. जगदीशला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

काय दिवस होते ते! भातसानगरच्या कॉलनीतला गणपती, मुरबाडच्या मिरवणुका, म्हसा गावच्या जत्रेला जाणाऱ्या टेम्पोत रस्ताभर वाजवणं. म्हशाला एकदा बैल विकायला आलेले बाप्ये सौदा सोडून आमच्याभोवती गोळा झाले होते. मंगळूची पोर, लहानी तिचं नाव, तेव्हा एवढीशी. ती माझ्या पाठीला पाठ लावून बसायची आणि माझ्या धुम्म धुम्मवर गाढ झोपायची. बाई, एवढ्या आवाजात पोर झोपतं कसं, असं बायका म्हणायच्या. मला मात्र तेव्हा आजोबा झाल्यासारखं वाटायचं.

मग मंगळू बदलला. निदान लोकांना तसं वाटलं. मागून हाक मारली तर तो वळून बघेना. जगदीशने चाल बदलली तरी तो जुन्याच चालीत वाजवत राहायचा आणि मग एकदम दचकून सावरायचा. "नाव झाला ना, आता हाकेला ओ द्यायची पन लाज वाटते," असं लोक बोलायला लागले. जगदीशही मनात धरून बसला.

खरं काय ते मला ठाऊक होतं. मंगळूने आपला डावा गुडघा माझ्या अंगाला टेकवायला सुरुवात केली होती. पेडलवरचा पाय तो पूर्वीपेक्षा जास्त दाबून ठेवायचा. नजर सतत जगदीशच्या बोटांवर. जगदीशने पाठ फिरवली की याचा ठोका घसरलाच. एका बाजूला क्रॅश, मागे माणसाएवढ्या स्पीकरच्या भिंती, आणि अशी किती लग्नं! त्याचे कान गेले होते, मित्रांनो. तो आता माझ्या थरथरीवर वाजवत होता, तारांखालच्या पिकअपसारखा. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला धुम्मशिवाय दुसरं बोलता येतं कुठे?

त्याच सुमारास जगदीशचा पुतण्या अमोल ऑक्टोपॅड घेऊन आला. आम्ही त्याला नुसतं पॅड म्हणतो. आठ चौकोनी रबरी तुकडे, त्यात सगळे आवाज भरलेले. ड्रम पाहिजे ड्रम, ढोल पाहिजे ढोल. अमोल चांगला पोरगा, हात हुशार, आणि पॅड काखेत मारून कुठेही नेता येतं. आम्हाला न्यायला आख्खा टेम्पो लागतो, तेव्हा मी कोणाला दोष देत नाही.

जगदीशने पॅड मंगळूपुढे ठेवलं. मंगळूने काडी मारली. आवाज लांबच्या स्पीकरमधून निघाला आणि रबर जागच्या जागी गप्प राहिलं. मंगळूला काहीच कळलं नाही. त्याने पुन्हा मारलं, जोरात मारलं. "मेलेला हाय रे हा," तो म्हणाला. सगळे हसले. त्याच आठवड्यात एका हळदीत तो पॅडवर असा चुकला की नाचणाऱ्या बायका थांबल्या. चारचौघांत जगदीशचा तोल गेला. मंगळूच्या तोंडासमोर येऊन तो ओरडला, "जमत नसेल तर घरी बस ना!" हे एवढं मात्र मंगळूला ओठांवरून नीट कळलं. त्याने काड्या पॅडवर ठेवल्या, चपला घातल्या आणि चालत वाडीला गेला. परत आला नाही.

आम्ही पोटमाळ्यावर गेलो. माझा पुढचा पडदा फाटला, आणि जगदीशच्या बायकोच्या, अनिताच्या, तांबड्या कोंबडीला ती जागा पसंत पडली. माझ्या पोटात पेंढा आला, अंडी आली, पिल्लं आली. स्टूल खाली गोठ्यात गेलं, म्हशीचं दूध काढायला. खरं सांगू? पिल्लं आत चिवचिवली की मला बरं वाटायचं. पण जिन्यावर पाय वाजला की अजूनही वाटायचं, मंगळू आला.

गेल्या उन्हाळ्यात जिन्यावर नाही, पण ओटीवर लहानी आली. चांगली मोठी झाली होती, लग्न ठरलं होतं. आमंत्रणाच्या अक्षता अनिताच्या हातात देऊन तिने सरळ विषय काढला.

"काका, माझ्या हलदीला बा वाजवनार. ड्रमवर. तुमी बँजो घेऊन या."

"तुझा बा मना वलख दाखवत नाय गो," जगदीश म्हणाला. "बाजारात हाक मारली तर तोंड फिरवून गेला."

"तोंड नाय फिरवला. बाला ऐकू येत नाय, काका."

वर माझ्या पोटातली कोंबडीसुद्धा गप्प झाली. लहानीने सगळं सांगितलं. शहापूरला कानाचे डॉक्टर झाले, कानात घालायचं मशीन झालं. माणसाचं बोलणं त्यातून थोडंफार कळतं, पण बँजोची नुसती खरखर होते म्हणून तो ते काढून ठेवतो. कोणाला सांगू नको म्हणून त्याने तिला शपथ घातली होती. आणि आता हळदीला कोपऱ्यात बसून राहीन म्हणतो. सासरच्या माणसांपुढे ठोका चुकला तर पोरीची शोभा व्हायची, ही एकच भीती.

"त्यानं सगल्यांच्या पोरींना नाचवला," लहानी म्हणाली. "माझ्याच हलदीला मुका बसनार काय तो?"

 जगदीश उठला आणि माळ्यावर चढला. मला त्याने दोन्ही हातांनी कवेत घेतलं. कोंबडीने त्याला चोच मारली, तरी सोडलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही वाडीवर पोचलो. अंगणात मांडव, जांभळाच्या डहाळ्या, नवरीकडची माणसं आणि सासरहून उष्टी हळद घेऊन आलेली पाहुणे मंडळी. अमोलने आमची मांडणी केली. मंगळूने आम्हाला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने लांबूनच हात हलवले. "मी नाय. नाय जमायचा मना."

लहानीने वाद घातला नाही. हळदीच्या पाटावरून ती उठली, मूठभर पेंढा आणला, पेटवला, आणि स्नेअर उचलून जाळावर धरली. आजोबाने लावलेलं ते कातडं! कडेला उंदरांनी कुरतडलं होतं, पण मधे शाबूत होतं. आणि पोरीने ते इतकं खाली धरलं की जाळ त्याला चाटायला लागला.

"जलल गो, जलल!" मंगळू कोपऱ्यातून धावत आला. त्याने स्नेअर हिसकावली, वर धरली, फिरवत फिरवत शेकली आणि सवयीने गाल लावून पाहिला. कातडं ऊन झालं होतं. मग त्याने मान वर केली, तर सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. लहानीने मुद्दामच खाली धरली होती की काय, ते तिचं तिला ठाऊक.

आता बसायचं तर स्टूल नाही! ते टोकावड्याच्या गोठ्यातच राहिलेलं. अनिताने जीभ चावली. अमोलने इकडे तिकडे पाहिलं आणि बँजोच्या स्पीकरची पेटी आडवी करून ड्रमसेटामागे सरकवली. "बसा, मंगळूकाका, मजबूत हाय." मंगळू त्या पेटीवर बसला. चपला काढल्या, पाय पेडलवर ठेवला. ओळखीचा पाय.

जगदीशने वायर जोडली. मांडवात ट्यूबलाइट लागलेलीच होती. आमच्या पिकअपने आपली ती जुनी, शिव्या खाल्लेली गुणगुण सुरू केली, हुंऽऽ. आणि मंगळू जागच्या जागी ताठ झाला. त्याने खाली पेटीकडे पाहिलं. पेटीला हात लावला. जगदीशने एक तार छेडली. मंगळूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दादा," तो म्हणाला, "बँजो आला रे! खालून येतो हाय, माझ्या हाडांत येतो हाय!"

जगदीश त्याच्या समोर उभा होता, बोटं दिसावीत म्हणून. तो तिथून हलला आणि मंगळूच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. मी घाबरलो. जगदीशने तिथूनच चाल धरली. मंगळूने मान वळवली नाही. डोळे मिटले, आणि पाय पडला. धुम्म!

मित्रांनो, पुढचा पडदा फाटलेला होता, आत थोडा पेंढाही राहिला होता, पण असा मी जन्मात वाजलो नव्हतो. जगदीशने चाल बदलली, मंगळूने बदलली. जगदीश थांबला, मंगळू थांबला. एक ठोका चुकला नाही. अमोल पॅड बाजूला ठेवून नाचत होता. आणि लहानी हळदीने माखलेली, पाटावर बसून हसत होती आणि रडत होती.

चाल संपली. पाठीमागून जगदीश हळूच म्हणाला, "मंगळू, चुकला रे माझा." मंगळूला काय ऐकू येणार? तो पेटीवरून हात फिरवत बसला होता. मग जगदीश बँजो खाली ठेवून वळसा घालून पुढे आला, माझ्याजवळ उकिडवा बसला, मंगळूच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणला आणि तेच पुन्हा म्हणाला. या वेळी मंगळूला कळलं. त्याने हळदीचा हात जगदीशच्या गालाला पुसला आणि म्हणाला, "वाजव. बायका थांबल्या हायेत."

आता मी वाडीवर मंगळूच्या घरी असतो. लहानी माहेरी आली की आजही माझ्या पाठीला पाठ लावून बसते. कोंबडीला अनिताने दुसरं खुराडं करून दिलं, तरी ती रुसली असं ऐकतो. तुम्ही कधी ड्रमसेटावर बसलात तर माझ्या भावंडांना जपा. स्क्रू समोरासमोर आवळा, पावसात झाकून ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पडद्याला जाळ दाखवू नका. स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहाल तेव्हा कानात फोमचे बोळे घाला, कान एकदा गेले की चावीने आवळून परत येत नाहीत. आणि एवढं एक माझ्यासाठी करा. मागून हाक मारल्यावर कोणी वळलं नाही तर रागावून निघून जाऊ नका. वळसा घ्या आणि त्याच्या समोर जा.